उसन्या धीराकडून स्वनियमनाकडे : दीड ते चार वर्षे वयोगटातील बालकांचा सामाजिक व भावनिक विकास

प्रस्तावना

बालविकासाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांना होते. एका टोकाला तान्ह्या बाळाचे वजन, लसीकरण व आहार असतो, तर दुसऱ्या टोकाला शाळेत जाऊ लागलेल्या मुलाचे वाचन, लेखन व गणन. या दोहोंच्या मधली, स्थूलमानाने दीड ते चार वर्षांची अवस्था मात्र 'हट्टाचे वय' म्हणून घरोघरी निभावून नेली जाते. मूल चालू लागते, बोलू लागते, 'माझे' आणि 'नाही' हे शब्द आत्मसात करते व घरातील मोठ्यांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहते. या वर्तनाकडे शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहावयाचे की विकासाची खूण म्हणून, यावर त्या मुलाला मिळणारी वागणूक अवलंबून असते. आणि त्या वागणुकीचा ठसा त्याच्या पुढील जडणघडणीवर उमटतो.

प्रस्तुत लेखात या वयोगटातील सामाजिक व भावनिक विकासाचा क्रम स्पष्ट केला असून त्यातून एक मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे. भावनांवर ताबा ठेवण्याची क्षमता मूल उपदेशाने अथवा धाकाने मिळवत नाही. ती प्रथम जवळच्या प्रौढ व्यक्तीकडून उसनी घेतली जाते आणि अशा उसन्या धीराच्या असंख्य अनुभवांतून हळूहळू त्याची स्वतःची होते. हा मुद्दा मान्य केल्यास घर, पाळणाघर, अंगणवाडी व बालवाडी या चारही ठिकाणी प्रौढांच्या भूमिकेचा फेरविचार करणे आवश्यक ठरते.

भावनांच्या उदयाचा क्रम

सर्व भावना जन्मतः एकाच वेळी उपस्थित नसतात. पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत आनंद, राग, दुःख, भीती व आश्चर्य या मूलभूत भावना ओळखता येण्याइतक्या स्पष्ट होतात. याच सुमारास मूल अपरिचित परिस्थितीत काय करावे हे ठरवण्यासाठी जवळच्या व्यक्तीच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. या संदर्भात १९८५ साली प्रसिद्ध झालेला सोर्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग बोलका आहे. काचेच्या पृष्ठभागाखाली उथळ खळगा असल्याचा भास निर्माण करून एक वर्षाच्या मुलांना पलीकडे उभ्या असलेल्या आईकडे रांगत जाण्याची संधी देण्यात आली. आईच्या चेहऱ्यावर आनंद असताना १९ पैकी १४ मुले खळगा ओलांडून गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती असताना १७ पैकी एकही मूल पुढे गेले नाही. एकही शब्द न उच्चारता आईचा चेहरा मुलाच्या निर्णयाला दिशा देतो, हे यावरून दिसून येते.

दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात एक मूलगामी बदल घडतो : मुलाला 'स्व'ची जाणीव होते. मुलाच्या नकळत त्याच्या नाकावर रंगाचा ठिपका लावून त्याला आरशासमोर ठेवण्याची पद्धत १९७२ मध्ये ॲम्स्टरडॅम या संशोधिकेने वापरली. लहान मुले आरशातील प्रतिमेला दुसरे मूल समजून हसतात, हात लावतात. अठरा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मात्र अनेक मुले आरशाऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावू लागतात. या जाणिवेबरोबर संकोच, असूया व सहानुभूती या भावनांचा उदय होतो. यापुढची पायरी म्हणजे अभिमान, लाज व अपराधभाव. या भावनांसाठी केवळ 'मी' पुरेसा नसतो. 'मी कसे वागावे' याविषयीचा मापदंडही मनात असावा लागतो. मायकेल लुईस यांच्या मांडणीनुसार तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ही पायरी गाठली जाते.

या क्रमाचा व्यावहारिक अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. 'लाज नाही वाटत?' हा प्रश्न सव्वा वर्षाच्या मुलास विचारला तर तो त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तोच प्रश्न साडेतीन वर्षांच्या मुलास चारचौघांत विचारला तर तो खोलवर रुततो. दोन्ही वेळा प्रौढाचा हेतू एकच असला, तरी मुलाच्या मनात घडणारी घटना सर्वस्वी भिन्न असते.

स्नेहबंध : धीराचे उगमस्थान

जॉन बोल्बी यांनी १९६९ पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथत्रयीत स्नेहबंधाचा सिद्धान्त मांडला. मूल जवळच्या व्यक्तीला बिलगते ते केवळ दुधासाठी नव्हे, तर संरक्षणासाठी, हे त्यांच्या मांडणीचे सार होय. मेरी एन्सवर्थ यांनी प्रथम युगांडातील व नंतर बाल्टिमोर येथील मातांच्या व बालकांच्या निरीक्षणातून या सिद्धान्तास अनुभवाधिष्ठित पाया दिला. 'सुरक्षित तळ' ही त्यांची संकल्पना शिशूच्या वर्तनाचे मर्म सांगते. बागेत गेलेले दोन वर्षांचे मूल आजीचा हात सोडून दहा पावले धावते, वळून पाहते, आजी तिथेच आहे याची खात्री करते व पुन्हा पुढे धावते. परत येण्याची जागा निश्चित आहे, म्हणूनच ते दूर जाऊ शकते. त्यामुळे बिलगण्याला 'लाडावणे' म्हणून मोडून काढल्यास मूल अधिक स्वतंत्र होईल, ही समजूत या सिद्धान्ताच्या कसोटीवर टिकत नाही.

हा बंध केवळ जन्मदात्या आईशीच जुळतो असे नाही. मूल एकाच वेळी आई, वडील, आजी, मावशी अथवा पाळणाघरातील ताई अशा मोजक्या व्यक्तींशी स्नेहबंध जोडते. आवश्यक असते ते सातत्य व प्रतिसाद. हे दोन्ही न मिळाल्यास काय होते याचा पुरावा रुमानियातून मिळाला. बुखारेस्ट येथील संस्थांत वाढणाऱ्या १३६ बालकांपैकी निम्म्या बालकांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने निवडून प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. २००० नंतरच्या दशकात नेल्सन, फॉक्स व झीना यांच्या चमूने त्यांचा पाठपुरावा केला. कुटुंबात गेलेल्या बालकांत सुरक्षित स्नेहबंधाचे प्रमाण अधिक आढळले आणि दोन वर्षांचे होण्याच्या आत कुटुंब मिळालेल्यांना त्याचा लाभ विशेष झाला. संस्थेत अन्न व निवारा होता. बदलत्या पाळ्यांत काम करणाऱ्या काळजीवाहकांमुळे 'आपले माणूस' मात्र नव्हते.

'नाही'चे वय

एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मानवी जीवनाच्या आठ अवस्था वर्णिल्या. त्यांतील दुसरी अवस्था, स्थूलमानाने दीड ते तीन वर्षांची, 'स्वायत्तता विरुद्ध लज्जा व साशंकता' या संघर्षाची आहे. मुलाला चालता येते, वस्तू धरता व सोडता येते, शौचावर ताबा मिळू लागतो. 'मीच करणार' ही घोषणा या नव्या सामर्थ्याची असते. जेवताना अर्धा भात जमिनीवर सांडणारे मूल आईला त्रास देत नसते, तर स्वतःच्या हाताचा शोध घेत असते. प्रत्येक वेळी त्याचा हात बाजूला सारला गेला तर 'मला जमत नाही' हा निष्कर्ष ते काढते.

इच्छा आणि ती आवरण्याची क्षमता यांचा विकास मात्र एकाच गतीने होत नाही. आवेग रोखणे, वाट पाहणे व पर्याय शोधणे ही कार्ये मेंदूच्या कपाळामागील भागाशी निगडित आहेत आणि या भागाची वाढ विशीनंतरही चालू राहते. दोन वर्षांच्या मुलाजवळ इच्छा प्रबळ, शब्द अपुरे व आवर क्षीण असतो. या विषमतेतूनच भोकाड पसरणे, जमिनीवर लोळण घेणे, चावणे, मारणे हे प्रकार उद्भवतात. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९३१ साली मातांच्या दैनंदिन नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. रागाच्या उद्रेकांचे प्रमाण दुसऱ्या वर्षात सर्वाधिक असते व पुढे घटत जाते, तसेच जेवणाच्या वेळेपूर्वी आणि आजारपणात ते वाढते, असे त्यांना आढळले. रिचर्ड ट्रेम्बले यांच्या दीर्घकालीन अभ्यासांनीही शारीरिक आक्रमकतेचे प्रमाण साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या वर्षांदरम्यान कळस गाठून पुढे बहुसंख्य मुलांत कमी होत जाते, हे दाखवून दिले. म्हणजे मूल मारायला 'शिकते' असे म्हणण्यापेक्षा ते न मारायला शिकते, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

उसना धीर : सहनियमनाची प्रक्रिया

न मारायला, न कोसळायला मूल कसे शिकते, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. लेव्ह व्हिगॉट्स्की यांचे एक सूत्र येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते प्रत्येक उच्च मानसिक कार्य प्रथम दोन व्यक्तींच्या दरम्यान प्रकट होते व नंतर व्यक्तीच्या अंतर्यामी स्थिरावते. भावनांचे नियमन यास अपवाद नाही. रडणाऱ्या मुलाला कडेवर घेणारी, पाठीवरून हात फिरवणारी, हळू आवाजात बोलणारी आई त्या क्षणी मुलाच्या वतीने त्याच्या भावनेचे नियमन करीत असते. यास सहनियमन असे म्हणता येईल. ही कृती शेकडो वेळा घडल्यानंतर मूल तिचे अंश स्वतः वापरू लागते : आवडती गोधडी जवळ ओढते, स्वतःशीच 'आई येणार आहे' असे पुटपुटते. तीन-चार वर्षांची मुले खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलतात, ते स्वतःला दिलेले मार्गदर्शनच असते.

या प्रक्रियेत भावनेला नाव मिळणे ही महत्त्वाची पायरी होय. जुडी डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या कुटुंबांत तीन वर्षांच्या मुलांशी भावनांविषयी अधिक बोलणे होत होते, त्या कुटुंबांतील मुले सहाव्या वर्षानंतर इतरांच्या भावना ओळखण्यात अधिक सरस ठरली. मराठी भाषा या बाबतीत संपन्न आहे. रुसणे, फुगणे, हिरमुसणे, खट्टू होणे, कावरेबावरे होणे, धास्तावणे, बुजणे या प्रत्येक शब्दात एक वेगळी मनःस्थिती आहे. 'बाबा गेले म्हणून तू हिरमुसलास का?' असे विचारणारी आजी मुलाच्या मनातील गोंधळाला आकार देत असते. त्याउलट सर्व अवस्थांना 'नाटकं' हे एकच नाव दिले गेले, तर मुलाजवळ स्वतःला ओळखण्याचे साधन राहत नाही.

आपल्या घरांतील काही रूढ उपाय या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. मूल पडले की जमिनीला चापट मारण्याची रीत सर्वपरिचित आहे. तिच्यामागे माया असते, परंतु मुलाचे लक्ष स्वतःच्या दुखण्याकडून दोषी कोण याकडे वळते. 'बागुलबुवा येईल', 'पोलिसाला देईन', 'डॉक्टर सुई टोचतील' या धमक्यांनी मूल गप्प बसते. परंतु एक भावना दुसऱ्या, अधिक तीव्र भावनेने दडपली जाते. शांत होण्याचा मार्ग त्यास सापडत नाही. शिवाय धीर देणारी व्यक्तीच भीतीचे कारण बनते. 'मुलगा असून रडतोस?' या वाक्याने तर तीन वर्षांच्या मुलाच्या दुःखावर लिंगभावाची मर्यादा घातली जाते. रडणाऱ्या मुलाच्या हाती तत्काळ मोबाइल देणे हा त्याच मालिकेतील अलीकडचा उपाय होय. त्याने रडणे थांबते, पण शांत होण्याचा सराव घडत नाही.

सहनियमन म्हणजे प्रत्येक इच्छा पुरवणे नव्हे. 'चाकू मिळणार नाही, तुला राग आला हे मला कळते, मी इथेच बसते' या प्रतिसादात मर्यादा व सोबत दोन्ही आहेत. मर्यादेवाचून सोबत मुलाला गोंधळात टाकते. सोबतीवाचून मर्यादा त्यास एकटे पाडते.

समवयस्कांचा शोध

मुलाचे सामाजिक जीवनही टप्प्याटप्प्याने विस्तारते. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली खेळातील सहभागाचे वर्गीकरण केले. लहान वयात मूल एकटे खेळते अथवा इतरांचा खेळ पाहते. त्यानंतर समांतर खेळ दिसतो, म्हणजे दोन मुले शेजारी बसून वाळूत खेळतात, पण आपापले. तीन-चार वर्षांच्या पुढे साहचर्याचा व सहकार्याचा खेळ वाढतो. मात्र पुढचा प्रकार आला म्हणून आधीचा नाहीसा होत नाही. त्यामुळे दोन वर्षांची दोन मुले 'एकत्र खेळत नाहीत' ही तक्रार अनाठायी ठरते. शेजारी बसणे ही त्या वयातील मैत्रीच असते.

दुसऱ्याच्या मनाची जाणीवही क्रमाने येते. रेपाचोली व गॉपनिक यांच्या १९९७ च्या प्रयोगात प्रयोगकर्तीने ब्रोकोली ही भाजी आवडल्याचे व बिस्किटे नावडल्याचे चेहऱ्याने दर्शविले आणि नंतर मुलासमोर हात पसरला. चौदा महिन्यांच्या मुलांनी स्वतःच्या आवडीप्रमाणे बिस्किटे दिली, तर अठरा महिन्यांच्या मुलांनी तिच्या आवडीप्रमाणे ब्रोकोली दिली. वॉर्नेकेन व टोमासेलो यांनी २००६ मध्ये अठरा महिन्यांची मुले अपरिचित प्रौढाच्या हातून पडलेली वस्तू बक्षिसाविना उचलून देतात, हे दाखविले. दुसऱ्याची समजूत वास्तवापेक्षा चुकीची असू शकते, हे मात्र विमर व पर्नर यांच्या १९८३ च्या अभ्यासानंतर झालेल्या अनेक अभ्यासांनुसार चौथ्या वर्षाच्या सुमारास कळू लागते.

म्हणजे करुणेची बीजे लवकर रुजतात, परंतु वाटून घेण्याचे शिष्टाचार उशिरा येतात. 'माझे' म्हणजे काय हे नुकतेच कळलेल्या मुलाकडून खेळणे हिसकावून दुसऱ्यास देण्याने औदार्य शिकवले जात नाही. बळजबरी शिकवली जाते. याउलट भातुकलीसारख्या कल्पित खेळात मूल आई होते, पाहुणा होते, रुसते, समजूत घालते. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्याचा व आपली पाळी येण्याची वाट पाहण्याचा हा नैसर्गिक सराव होय.

स्वभाव व संस्कृती

वर वर्णिलेला क्रम सामान्य असला तरी मुले एका साच्याची नसतात. अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्क येथे केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात सुलभ, अवघड व हळूहळू रुळणारी असे स्वभावाचे तीन प्रकार वर्णिले. सुमारे ३५ टक्के मुले यांपैकी कोणत्याही प्रकारात बसत नव्हती. त्यांच्या मते निर्णायक ठरतो तो मुलाचा स्वभाव व परिसराची अपेक्षा यांचा मेळ. बुजरे मूल दोषी नसते. त्याला रुळण्यासाठी अवधी हवा असतो.

संस्कृतीनुसारही विकासाचा कल बदलतो. हायडी केलर व सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात कॅमेरूनमधील न्सो या कृषक समाजातील शिशू मोठ्यांचे सांगणे पाळण्यात पुढे होते, तर ग्रीसमधील शहरी मध्यमवर्गीय कुटुंबांतील शिशू आरशात स्वतःला ओळखण्यात पुढे होते. कोस्टारिकातील शिशू या दोहोंच्या मध्ये होते. अंगस्पर्श व निकटता यांवर भर देणारे संगोपन आणि नजरभेट व वस्तूंशी खेळ यांवर भर देणारे संगोपन वेगवेगळ्या क्षमतांना आधी वाट करून देते. म्हणून पाश्चात्त्य शहरी मुलांवरून काढलेले वयाचे निकष ग्रामीण अथवा आदिवासी भागातील मुलांना जसेच्या तसे लावणे उचित नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ नंतर कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी बालकांसाठी कार्य केले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' साकारली. 'विकासवाडी'च्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र होत्या. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत यावयाची असेल तर त्या भावंडाचीही सोय हवी, ही त्यामागील दृष्टी होती. शिशूचे संगोपन व थोरल्या मुलीचे शिक्षण हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, हे तेथे ओळखले गेले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. तथापि या योजनेच्या रचनेत तीन ते सहा वर्षांच्या बालकांस अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण मिळते, तर तीन वर्षांखालील बालकांपर्यंत योजना पोहोचते ती प्रामुख्याने घरी न्यावयाचा आहार, वजन, लसीकरण व गृहभेटी यांच्या रूपाने. ज्या काळात उसन्या धीराची सर्वाधिक गरज असते, त्याच काळातील भावनिक बाजू अशा रीतीने कुटुंबाच्या बळावर सोपवली गेली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पायाभूत टप्प्याचा आरंभ तिसऱ्या वर्षापासून होतो. २०२४ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' व तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला' हे आराखडे प्रसिद्ध केले. त्यामुळे तीन वर्षांखालील बालकाच्या उद्दीपनाचा विचार धोरणात स्पष्टपणे आला, ही स्वागतार्ह बाब आहे. त्याची अंमलबजावणी मात्र आहार, नोंदी व सर्वेक्षणांचा भार आधीच वाहणाऱ्या अंगणवाडी सेविकेकडून अपेक्षित आहे. ज्या व्यक्तीने मुलांना धीर द्यावयाचा, तिलाच उसंत नसेल तर आराखडा कागदावर राहण्याचा धोका संभवतो.

कुटुंबाचे बळ सर्वत्र सारखे नसते. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत आई-वडील पहाटे फडात जातात व शिशू आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतो. धीर देणारी व्यक्ती स्वतःच बालक असते. शहरातील विभक्त कुटुंबात परिस्थिती निराळी, तरी उणीव त्याच जातीची : आजी दूर, पालक थकलेले व मूल पडद्यापुढे. मध्यमवर्गीय शहरी बालवाड्यांत तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल लवकर येते, कारण वहीतील अक्षरे पालकांना दाखवता येतात. रडणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी दारातूनच ओढून घेण्याऐवजी आठवडाभर पालकास वर्गात बसू देणे, रोजचा क्रम ठरावीक ठेवणे, एका गटासाठी एकच ताई ठेवणे, या गोष्टी वहीत दिसत नाहीत. विकासाच्या दृष्टीने मात्र त्या अक्षरांइतक्याच मूलभूत आहेत.

समारोप

दीड ते चार वर्षांच्या काळात मुलाला 'मी' सापडतो, त्या 'मी'ला आवर घालण्याची गरज पडते आणि 'तू'ची ओळख होते. या तिन्ही घडामोडी एखाद्या स्थिर, प्रतिसाद देणाऱ्या व्यक्तीच्या सान्निध्यात घडतात. त्यामुळे शिशूच्या सामाजिक व भावनिक विकासाचा प्रश्न हा अंतिमतः त्याची काळजी घेणाऱ्या माणसाच्या परिस्थितीचा प्रश्न आहे. मातेची विश्रांती, अंगणवाडी सेविकेवरील कामाचा भार, स्थलांतरितांसाठी पाळणाघर आणि वडिलांचा संगोपनातील सहभाग हे विषय बालमानसशास्त्राच्या बाहेरचे नाहीत.

उच्च शिक्षणाचे क्षेत्रही यात काही वाटा उचलू शकते. मानसशास्त्र, गृहविज्ञान, समाजकार्य व शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विकासाचे टप्पे तोंडपाठ असतात. एखाद्या अंगणवाडीत अथवा ऊसतोड वस्तीवर सलग काही दिवस एकाच मुलाचे निरीक्षण करण्याची संधी त्यांतील थोड्यांनाच मिळते. असे क्षेत्रकार्य अभ्यासक्रमाचा भाग झाल्यास मराठी मुलांच्या नोंदी मराठीत उपलब्ध होतील आणि कॅमेरूनमधील शिशूंविषयी जे सांगता येते, ते बीड अथवा पालघर जिल्ह्यातील शिशूंविषयीही सांगता येईल. ताराबाई व अनुताई यांनी निरीक्षणापासूनच आरंभ केला होता. मुलाला शहाणे करण्याची घाई करण्यापूर्वी त्याच्याजवळ बसण्यास सवड काढणे, हे त्यांच्या कार्याचे सार आजही तितकेच लागू पडते.